कारण एकच लिहावे

श्रीरंग हरकरे यांचा फंडातून उचल मिळण्याचा अर्ज मंजूर झाला. पूर्ण रकमेसह, गोल शिक्क्यासह, साहेबांच्या हिरव्या सहीसह. पण ही बातमी आपण ऐकलीच नाही असं धरून चालू. कारण एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरातल्या त्या रविवारी खुद्द हरकऱ्यांना ती ठाऊक नव्हती, आणि त्यांच्याआधी आपण पेढे खाणं बरं दिसत नाही.

तर हरकरे जबलपूरच्या तोफगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये उपड्या परातीवर फॉर्म ठेवून बसले होते. परात यासाठी, की घरात टेबल नव्हतं. सातव्या रकान्यात छापलं होतं : उचल घेण्याचे कारण, एकच लिहावे. अशी उचल सबंध नोकरीत एकदाच मिळायची. कारणं मात्र तीन होती आणि तिन्ही समोर बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती.

पहिलं कारण आई, इंदिराबाई. त्यांचा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेला होता आणि डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. संक्रांतीच्या आत नागपूरला नेऊन काढा, नाही तर दाब वाढून हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरं कारण मुलगी प्रतिमा. जबलपूरजवळच्या पाटणचा एक शाळामास्तर तिला होकार देऊन ताटकळला होता. तिसरं, बायको अंजनीने पनागरच्या रस्त्याला पाहून ठेवलेला प्लॉट. रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती आणि रिटायर माणसाला क्वार्टर ओळख देत नाही.

"आईचं लिहून टाकतो," हरकरे म्हणाले.

"काहून?" इंदिराबाई म्हणाल्या. "मला आता पाहाचं काय राहिलं? तुझं तोंड तर पाठ आहे मला. पोरीचं लिही."

"आजी, माझ्या लग्नाची जल्दी कोणाला आहे?" प्रतिमा म्हणाली. "मास्तरला. त्याला पण नाही, त्याच्या दोन म्हशींना. चलो बाबा, प्लॉट लिहा."

"प्लॉट काय पळून राहिला का?" अंजनीबाईंनी एक किडकी काडी बाजूला टाकली. "सासूबाईंचा डोळा लिहा. नाही तर लोक म्हणतील, बंगल्यात राहायला गेली अन् म्हातारीला आंधळी केली."

"अन् वर्षभर प्लॉट प्लॉट करून माझं डोकं खाल्लं, ते?"

"ते वेगळं. तेव्हा कोणी मला विचारून नव्हतं राहिलं."

"म्हणजे डोळा लिहू ना?"

"पोरीचं लिही," इंदिराबाई म्हणाल्या, आणि निवडलेली भाजी हाताने चाचपडून काड्यांच्या ढिगात टाकली. अंजनीबाईंनी ती परत उचलली.

जगात जो तो आपलं घोडं पुढे दामटतो. या घरात जो तो आपलं घोडं मागे ओढत होता, आणि टांग्यात हरकरे एकटे बसले होते.

खरं तर निर्णय घेणं हाच हरकऱ्यांचा धंदा. कारखान्यात ते तपासनीस होते. पितळी टोपणात मापाच्या खुंटीचं एक टोक शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. शिरलं की पास, अडलं की भंगार. दिवसाला दोन हजार टोपणांच्या नशिबाचा फैसला ते जांभई देत करत. बावीस वर्षांत एकही टोपण त्यांना "माझं राहू द्या, शेजारच्याचं बघा" असं म्हणालं नव्हतं.

फॉर्म तीन प्रतींत द्यायचा होता. त्या दिवसांत कार्बन पेपर मिळेना, म्हणून तिन्ही प्रती हाताने लिहायच्या होत्या. आणि इथे हरकऱ्यांच्या हातून ती गोष्ट घडली जी फक्त तपासनिसाच्याच हातून घडू शकते. त्यांच्या खात्यात प्रत्येक पेटीतून तीन नग काढत. एक अडला, तरी बाकीचे दोन बघायचेच, असा नियम. हरकऱ्यांनी एका प्रतीवर आईचा डोळा लिहिला, दुसरीवर मुलीचं लग्न, तिसरीवर प्लॉट. प्रत्येकीवर कारण एकच होतं. कोणता तरी नग पास होईल.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी प्रती रामरावांना दिल्या. रामराव लेखा कचेरीत होते आणि मूळचे वर्ध्याचे. त्यांनी अंगठा ओला करून कागद मोजले.

"तीन. ठीक आहे."

"वाचून नाही पाहत?"

"वाचणं पुढच्या टेबलाचं काम आहे, भैया. मी फक्त मोजतो."

पुढे टेबलं तीन होती. प्रत्येकाला एकेक प्रत गेली आणि प्रत्येकाने आपापलं कारण योग्य ठरवलं. मग डिसेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. दोन पाळ्या सलग, सगळ्या रजा बंद, रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद. नागपूरला जायचा प्रश्नच मिटला. लढाई दोन आठवड्यांत संपली. फाइलला तेवढी घाई नव्हती.

संक्रांतीला मास्तरांकडून तिळगुळाऐवजी लग्नाची पत्रिका आली. मुलगी नरसिंहपूरची होती. "म्हशींची सोय झाली," प्रतिमा म्हणाली आणि तिळगुळाचा डबा न उघडताच फळीवर ठेवून दिला. प्लॉट एका दूधवाल्याने घेतला.

जानेवारीतच एका दुपारी इंदिराबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या.

"श्रीरंग, खिडक्यांचे काळे कागद अजून काढले नाही का रे?"

कागद निघून महिना झाला होता.

"काढतो, आई," हरकरे म्हणाले. "रविवारी काढतो."

मार्चात रामरावांनी बोलावलं. "मुबारक हो, श्रीरंगभाऊ. तुमच्या त्या तीन प्रतींनी तीन टेबलांत भांडण लावलं होतं. पण मंजूर झाला, तिन्हींपैकी कोणतंही एक कारण चालेल. आता फक्त दवाखान्याचं पत्र आणा, की ऑपरेशन करणार आहे."

"ऑपरेशन नाही करणार ते. डोळा गेला."

रामरावांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने पुन्हा उचललं.

"मग लग्नाची पत्रिका द्या."

"मोडलं."

"प्लॉटचा कागद?"

"विकला गेला."

"असं कसं चालेल, भाऊ? पैसे मंजूर आहेत, पण कारणच नाही तुमच्याजवळ. बिना कारणाचे पैसे कसे देऊ मी?"

हे मात्र हरकऱ्यांना पटलं. नियम त्यांना नेहमीच पटत. ते तिथल्याच एका बाकावर बसले, रामरावांकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

"मा. लेखाधिकारी साहेबांचे सेवेशी. अर्जदार श्रीरंग गणपत हरकरे, तपासनीस, याचेकडे अर्ज करतेवेळी पुढील तीन कारणे होती : १) आईचा डोळा, २) मुलीचे लग्न, ३) घरासाठी जागा. सदर कारणे कार्यालयीन विचाराच्या काळात संपली आहेत. तरी विनंती की, मंजूर रकमेचा विनियोग नियमानुसार करता यावा यासाठी वरीलपैकी कोणतेही एक कारण, कार्यालयाच्या सोयीने, अर्जदारास परत मिळावे. शक्यतो अनुक्रमांक एक."