पाणचट कॉफी

कॉफीतला दर्दी नवरा कुणा बाईच्या नशिबी येऊ नये, असं वेदिकाला हल्ली मनापासून वाटायला लागलं होतं. दारुड्या नवऱ्याबद्दल निदान चार बायका हळहळतात. कॉफीबाज नवऱ्याची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे?

एस्प्रेसोचं मशीन रितेशनेच घेतलं होतं, मुंबईत असताना, कुठलासा व्हिडिओ बघून. सुरुवातीला तो दाण्यांच्या जाती, भाजणी आणि पाण्याची उष्णता यांवर इतका बोलला की शेजाऱ्यांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. मग उत्साह ओसरला आणि मशीन पुसायचं काम वेदिकाकडे आलं. पुसता पुसता ती कॉफी करायला शिकली. रितेश बोलायचा तो बोलतच राहिला, कारण बोलायला काही पुसावं लागत नाही.

त्याला रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि दोघं त्याच्या आईवडिलांकडे राहायला आली. घर गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागून. पुढे रस्त्याकडे तोंड केलेली पडवी, तिला शटर, आत मोडकी सायकल आणि पत्र्याच्या ट्रंका. मुंबई-पुण्याच्या गाड्या दिवसभर दारावरून जायच्या. कुणी पाणी मागायला थांबलं की हमखास विचारायचं, इथे जवळ बरी कॉफी कुठे मिळेल? तेव्हा वेदिकाच्या डोक्यात आलं की पडवी साफ करावी, मशीन मांडावं आणि कॉफी विकावी. मुंबईतली नोकरी सोडून आल्यापासून तिचं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. ही पडवी तिला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

तिने रितेशला विचारलं. तो म्हणाला, "वा, मस्तच."

रितेश सगळ्यालाच मस्त म्हणायचा. आईने कुळथाचं पिठलं केलं, मस्त. साहेबांनी रविवारी कामाला बोलावलं, तेही मस्त. लग्नाआधी वेदिकाला हा त्याचा मोठेपणा वाटला होता. माणूस प्रेमात असला की त्याला कशात काय दिसेल, काही नेम नाही.

पडवीचे मालक म्हणजे सासरे महिपतराव. एसटी डेपोत कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही घरात गाडी लागल्याची घोषणा करावी तसे बोलायचे. त्यांच्याकडे गावातला सागर आधीच येऊन गेला होता. त्याला तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. महिपतरावांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी सकाळी सुनेने आपल्याला कॉफी पाजावी. लोकांना पाजण्यासारखी असली तर पडवी तिची, नाहीतर सागरची.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कॉफी बिघडली.

चांगला शॉट, म्हणजे मशीनमधून कपात पडणारा कॉफीचा अर्क, कसा उतरतो, ते वेदिकाला नीट ठाऊक होतं. आधी क्षणभर काहीच येत नाही, मग काळपट तपकिरी धार काकवीसारखी संथ येते आणि वर जाड साय धरते. आता मात्र बटण दाबायचा अवकाश, नळ सोडल्यासारखी फिकी धार भुरकन कपात. चव म्हणावी तर आंबूस गरम पाणी. तिने कॉफी जास्त भरली, दांड्याच्या गाळणीत ती ताकद लावून दाबली, मशीन आधी तापवून घेतलं. ढिम्म फरक नाही.

मग एकदा ती वाळलेले कपडे काढायला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, गेली आणि जागीच थिजली. कोकमाच्या सालांशेजारी, फणसाच्या साठांच्या रांगेत, सुपात तिचे कॉफीचे दाणे उन्हं खात पडले होते. सासूबाईंनी, म्हणजे मैनाबाईंनी, डाळी-तांदळाबरोबर त्यांनाही ऊन दाखवलं होतं. पावसाळ्याआधी घरातल्या एकूण एक दाण्याला ऊन दाखवायचं, एवढंच त्यांना माहीत. विचारल्यावर त्या म्हणाल्या, परवापासून रोज घालतेय की. कॉफीचा सगळा जीव वासात आणि तेलात. तो उन्हात उडाला की दाणे फुसके होतात आणि पाणी त्यांतून अडथळ्याशिवाय पळतं. वेदिकाने सासूला नको तितकं सुनावलं. मैनाबाईंनी निमूटपणे सूप उचललं आणि आत नेलं.

कुरिअरने ताजे दाणे मागवले. दळण जाडं राहिलं की पाणी त्यातून तसंच पळतं, म्हणून दाणे आले त्या दिवशी दुपारी वेदिकाने ग्राइंडरची चकती फिरवून फिरवून ते बारीक केलं आणि संध्याकाळी अशी धार उतरली की तिला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांसाठी सराव म्हणून कॉफी केली, तर पुन्हा पाणी. दुपारी जुळवावं, सकाळी बिघडावं, असा खेळ सुरू झाला. चकतीवर आकडे नव्हते, नुसत्या बारीक रेघा होत्या, तेव्हा आपणच कुठे चुकतोय म्हणून ती स्वतःलाच दोष देत राहिली.

रितेश मात्र रोज नवं कारण घेऊन हजर. एकदा म्हणे रत्नागिरीचं पाणी जड. एकदा म्हणे समुद्राची दमट हवा. मग म्हणे, तुझा हात हलका आहे, ही कला आहे, सगळ्यांनाच साधते असं नाही. हे सगळं तो चहात कडक बटर बुडवून खाता खाता सांगायचा. वेदिकाला ते बटर त्याच्या घशात कोंबावंसं वाटायचं. शनिवारी रात्री तर त्याने मोठ्या मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, नाही जमलं तरी मनाला लावून घेऊ नकोस.

रविवारी आंबोळ्या खाऊन महिपतराव खुर्चीत बसले. शनिवारी संध्याकाळी वेदिकाने चार-चारदा करून बघितली होती आणि चारही वेळा फक्कड उतरली होती. तिने दळलं, दाबलं, बटण दाबलं. पिवळट धार भसकन खाली आली.

महिपतरावांनी एक घोट घेतला आणि कप दूर सारला. "डेपोच्या कँटीनमध्ये कप धुतलेलं पाणी हेच्यापेक्षा कडक असायचं," ते म्हणाले. "सागरला फोन लाव रे, रितेश."

रितेशचा हात खिशाकडे गेला सुद्धा. वेदिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच तिला संताप आला. तेव्हा चुलीपाशी बसलेल्या मैनाबाई, ज्यांच्याशी ती त्या दिवसापासून धड बोललीही नव्हती, हळूच म्हणाल्या, "आज मी उन्हात काय नाय घातलं हां. हात सुदा लावला नाय. रितेशच तेवढा सकाळी ता चाक फिरवून गेला."

"कुठलं चाक?" वेदिकाने विचारलं.

"ताच गो, दळायचा. रोजच फिरवतो, कामावर जाताना. मला वाटला, तूच सांगितलास त्याला."

वेदिकाने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, जसं काही त्यावर उत्तर छापलेलं होतं.

आधी तो म्हणाला, साफ करत होतो. मग म्हणाला, मशीनला जोर पडू नये म्हणून जरा मोकळं करत होतो. महिपतरावांनी नुसतं "रितेश" म्हटलं, तसा तो गळपटला. कंपनीतली माणसं याच रस्त्याने जातात, तो म्हणाला. आपली बायको रस्त्यावर बसून कप विसळताना त्यांनी पाहिलं तर काय वाटेल?

"मग मला नको म्हणायचं होतंस," वेदिका म्हणाली. "मस्तच का म्हणालास?"

"तुला वाईट वाटलं असतं," रितेश म्हणाला.

तिच्या मनात आलं, मारकुटा असता, उधळ्या असता, तरी त्याच्याशी भांडता आलं असतं. याच्याशी भांडायचं म्हणजे धुक्यात काठी फिरवायची. बायकोला नाही म्हणायची छाती नाही म्हणून हा बाबा रोज सकाळी तिची कॉफी बिघडवत होता आणि रात्री तिचीच समजूत घालत होता. आणि ती मात्र सासूवर रुसून स्वतःलाच दोष देत बसली होती. किळस आली तिला, अगदी शिसारी.

ती उठली, चकती पुन्हा बारीक दळणावर आणली, नवीन कॉफी दळून दाबली. काळपट धार संथ उतरली, वर साय धरली. तिने कप सासऱ्यांपुढे ठेवला.

महिपतरावांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं. "हा तर कारल्याचा रस," ते म्हणाले. पुन्हा एक घोट घेऊन पाहिला, तोंड आणखी वाकडं झालं. "पाणी होता ताच बरा होता. पण मुंबैवाल्यांका असलाच लागत असंल." मग त्यांनी लेकाकडे असं पाहिलं, जसं उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडे पाहत असतील. "पडवी हिची. सागरला तू सांग, नाय म्हणून. तेवढा तरी जमंल ना?"

रितेशने फोन लावला. उठून खिडकीशी गेला, घसा साफ केला. "हां सागर, अरे पडवीचं... नाही नाही, तसं काही नाही. बाबांचा जरा विचार चाललाय. तू ये ना पुढच्या आठवड्यात, बघू, मस्तच होईल..."

वेदिकाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"सागर, मी वेदिका बोलतेय," ती म्हणाली. "पडवी द्यायची नाही. तिथे मी बसणार आहे."

पलीकडून सागर म्हणाला, बरं वहिनी, आधीच सांगायचं ना. तिने फोन रितेशच्या हातावर ठेवला आणि शटरची किल्ली मागायला सासऱ्यांपुढे हात केला.