गळ्यातली किल्ली

लुब्लिनच्या त्या प्रयोगशाळेत एक नियम रविवारच्या प्रार्थनेहून कडक पाळला जाई: खोलीबाहेर पाऊल टाकायचं, तर लेसरची किल्ली काढून गळ्यात अडकवायची. डॉक्टर हाल्श्का वोइनार तर हात धुवायला जातानाही ती काढून नेई. चार वर्षं ती एकाच ध्यासापायी झिजत होती. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश प्रचंड जोराने कोंबायचा. जोर पुरेसा असला, की त्याच्या तीन कणांचा मिळून हिरव्या प्रकाशाचा एक कण होतो. गेल्या गुरुवारी तो एकदाचा झाला होता. आज समिती ते बघणार होती आणि तिच्या अहवालावर हाल्श्काची नोकरी राहणार की जाणार, ते ठरणार होतं.

ती पाहुण्यांना घ्यायला फाटकाशी गेली, तर पाहुणे दुसऱ्याच दाराने आत शिरले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या प्रोफेसर कास्पेर्चिकांना कुठला धीर! जन्मात कधी तंतूला हात न लावलेल्या या गृहस्थांना भाषणाची मात्र दांडगी हौस. हाल्श्का धापा टाकत परतली, तेव्हा अंधारलेल्या खोलीत पांढऱ्या पुठ्ठ्यावर झगझगीत हिरवा ठिपका पडला होता आणि प्रोफेसर त्याच्याशेजारी वरबापासारखे मिरवत होते.

"बघा! अदृश्यातून दृश्य!"

हाल्श्काचा हात गळ्याशी गेला. किल्ली तिथेच होती. म्हणजे लेसर बंद. हा उजेड होता तंतू जुळवण्यासाठी लावलेल्या, भाषणात पडद्यावर खूण करायला वापरतात तसल्या हिरव्या प्रकाशाच्या कांडीचा. ती बंद करायला हाल्श्काच विसरली होती.

"जोर वाढवला तर?" समितीच्या अध्यक्षा झेप्काबाईंनी विचारलं.

प्रोफेसरांनी बंद लेसरचं बटण ऐटीत फिरवलं.

"वाढला की हो!" बाई म्हणाल्या.

"चांगला दुप्पट!" कांद्याची रोटी चघळत एक लठ्ठ सभासद म्हणाले.

ठिपका होता तेवढाच होता. गप्प बस, हाल्श्काने स्वतःला बजावलं, नोकरी वाचेल. पण चार वर्षांची मेहनत एका कांडीच्या नावावर जाताना बघून तिला संताप आवरेना.

"प्रोफेसरसाहेब, लेसर सुरू करू का आता? किल्ली माझ्याकडे आहे."

"डॉक्टरबाईंना थट्टेची भारी सवय," प्रोफेसर हसले.

हाल्श्काने कांडी बंद केली. ठिपका गेला. मग तिने किल्ली फिरवली, जोर हळूहळू चढवला आणि पुठ्ठ्यावर फिकट, इवलासा हिरवा ठिपका उमटला. तिचे डोळे भरून आले.

"हा खरा," ती म्हणाली.

झेप्काबाई चष्मा पुसून वाकल्या. "अगं बाई, मघाचा किती छान होता!"

"चांगलं चाललेलं," लठ्ठ सभासद कुरकुरले. "यांनी हात लावला नि घालवलं सगळं."

"हात बसायला वर्षं लागतात," प्रोफेसर मोठ्या मनाने म्हणाले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. प्रोफेसरांच्या 'विलक्षण तेजस्वी' प्रयोगाला आणखी तीन वर्षं मिळाली. डॉक्टर वोइनार यांनी हस्तक्षेप केल्यावर प्रकाश मंदावल्याचं समितीने प्रत्यक्ष पाहिलं होतं, सबब त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवू नये.

शेवटच्या दिवशी हाल्श्काने किल्ली परत केली. प्रोफेसर जरा घुटमळले.

"डॉक्टरबाई, जाता जाता एवढं सांगा. त्या दिवशीचा तो पहिला, झगझगीत ठिपका... तो नेमका कशाने येतो हो?"

हाल्श्काने खणातून हिरवी कांडी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"याने. बॅटरी तेवढी बदलत जा, साहेब."