टपावरची भेट

गाडीचं चार्जिंग पुरत नाही म्हणून एल्यूतेरिओ फोनवर दोनदा रडला होता. आज तो विजेवरची गाडी ढकलतच माझ्या गॅरेजात आला आणि माझं डोकं फिरलं. कोचाबांबातल्या टॅक्सीवाल्यांना परवडावी म्हणून ही गाडी हलकी बनवलेली, बॅटरी लहान ठेवलेली. आणि ह्यानं टपावर मणभर लोखंडी कॅरिअर चढवलं होतं! त्यावर दाराएवढी आडवी पाटी: ‘देव माझा वाटाड्या’.

“कासिमिराबाई, मोठी बॅटरी बसवा ना.”

“अर्ध्या गाडीची किंमत पडेल! शिवाय तिचं वजन कोण ओढणार, तुझी सासू? अरे, ती पाटी सगळा वारा अडवते. वाऱ्याशी झुंजण्यातच चार्जिंग संपतंय. काढ ते!”

“नाही हो काढता येणार. गाडीच्या पूजेत तिचा धर्मपिता म्हणून जो मानानं उभा राहिला, त्यानं दिलंय. काढलं तर त्याचा अपमान होईल.”

“कोण हा अक्कलशून्य? नाव सांग, त्याच्याच डोक्यावर बांधते ही पाटी!”

एल्यूतेरिओनं मान खाली घालून पाटीकडे बोट केलं. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. मी फडक्यानं धूळ पुसली.

‘धर्मपिता फेर्मीन आणि धर्ममाता कासिमिरा यांची सप्रेम भेट.’

त्या पूजेला माझा नवरा एकटाच गेला होता. नुसती फुलं वाहून आलो, असं मला म्हणाला होता.

मी पाना उचलला आणि घराकडे तोंड करून ओरडले, “फेर्मीन!”

आतला रेडिओ एकदम बंद झाला.