चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मंजिरी खोतने निकालाची यादी तिसऱ्यांदा तपासली. चाळीस गुणांची परीक्षा, उत्तीर्ण होण्यासाठी चोवीस. नऊ जणांपैकी आठ पास. रामसुमेर यादव, व्हॉल्वमन, तेवीस.

विकास नगरच्या पाणीपुरवठ्याचं काम तिच्या कंपनीकडे येऊन सात महिने झाले होते. करारात अट होती की एक तारखेपासून प्रमाणपत्र नसलेला एकही माणूस वितरणावर राहणार नाही. नव्याने भरलेल्या अकरा जणांपैकी सहा जण तीन महिन्यांत सोडून गेले. एक मेट्रोत लागला, दोघे पार्सल पोचवायला लागले, उरलेल्यांनी कारणही सांगितलं नाही. रामसुमेर मात्र सव्वीस वर्षं त्याच रस्त्यांवर, एकामागून एका ठेकेदाराकडे, तेच व्हॉल्व फिरवत होता.

प्रशिक्षण मंजिरीचं. प्रश्नपत्रिकाही तिनेच काढलेली.

तिने त्याचा पेपर पुन्हा उघडला. प्रश्न चौदा: मुख्य वाहिनीचा व्हॉल्व बंद करताना चावी कोणत्या दिशेने फिरवावी? उत्तर होतं, घड्याळाच्या दिशेने. रामसुमेरने दोन्ही चौकोन कोरे ठेवले होते आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कौन सा वाल्व?’

फोन वाजला. कंपनीचे विभागप्रमुख संग्राम सर गोमती नगरच्या ऑफिसातून बोलत होते.

“मंजिरी, यादी बारापर्यंत वर जायला हवी. अडलंय कुठे?”

“सर, एकजण एका गुणाने राहतोय. जुना माणूस आहे.”

“यार, एका गुणाने काय आणि दहाने काय. एकाला वर ढकललंस तर उद्या ऑडिटवाला नऊच्या नऊ पेपर काढायला लावेल. पाठव.”

अकरा बावन्नला तिने यादी पाठवली.

साडेबाराला रामसुमेर पंपहाउसवर आला. ओळखपत्र आणि चावी त्याने टेबलावर ठेवली. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई. वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. दांड्याचा मधला भाग हाताने घासून गुळगुळीत झाला होता.

“कौन सा गलत हुआ, मैडम जी?”

तिने पेपर दाखवला.

“इसमें गलत क्या है? आप वाल्व बताइए, हम दिशा बता देंगे. पुराने वाले उल्टे बंद होते हैं.”

“किताब में जो है वही जाँचना पड़ता है, चाचा.”

“हाँ, तो किताब से बंद करवाइएगा.” तो हसला नाही. दारात थांबून म्हणाला, “पिछले हफ्ते आप ही सबके सामने डाँटी थीं. बिना परमिट वाल्व छू लिया था हमने. तब भी किताब ही थी.”

ते खरं होतं. परमिटवर नाव, पद आणि प्रमाणपत्र क्रमांक असल्याशिवाय कुणी व्हॉल्वला हात लावायचा नाही, हा तिच्या वर्गातला पहिला नियम होता.

एक वाजून चाळीस मिनिटांनी पूर्वाचा फोन आला. पूर्वा परीक्षेत पहिली आलेली, वय चोवीस. तिचे वडील बँकेच्या नोकरीनिमित्त सोलापूरहून इथे आलेले. तिला मराठी कळायची, उत्तर मात्र ती हिंदीत द्यायची.

“मैम, केबल वालों ने ड्रिल मार दी है. बड़ी लाइन फट गई. सामने नर्सिंग होम है, पानी सीधा बेसमेंट में जा रहा है.”

“व्हॉल्व बंद केलास?”

“वही तो. चौराहे वाला घूम ही नहीं रहा. जाम है. भैया लोग बोल रहे हैं चाबी में पाइप फँसा के ज़ोर लगाओ.”

“नाही! हात काढा सगळ्यांनी. मी येते.”

ती पोचली तेव्हा पाणी रस्त्यावरून घोटाभर वाहत होतं आणि उतारावरून तळघरात कोसळत होतं. आत वरपासून खालपर्यंत बारा पायऱ्या, त्यातल्या खालच्या चार बुडालेल्या. भिंतीवर विजेचा पॅनेल होता, खालून आठव्या पायरीच्या उंचीला. शेजारच्या ओट्यावर जनरेटर. नर्सिंग होमच्या डॉक्टर, आर्या, जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

“ऊपर टेबल पर सिज़ेरियन चल रहा है. बीस मिनट और चाहिए. पैनल गया तो दोनों गए, लाइट भी, जनरेटर भी.”

पाण्याच्या टाकीवरून पुरवठा तोडता आला असता. मंजिरीने तसा निरोप दिलाही होता. पण मैलभर लांबीच्या वाहिनीतलं पाणी रिकामं व्हायला तास गेला असता, आणि तो तास याच जिन्यावर उतरला असता.

तिने चौकातल्या चेंबरमध्ये डोकावलं. गढूळ पाण्यात व्हॉल्वची टोपी दिसत होती. “उल्टा घुमा के देखूँ?” पूर्वाने विचारलं. मंजिरीच्या तोंडावर हो आलं होतं. ते तिने गिळलं आणि रामसुमेरला स्पीकरवर फोन लावला.

“चाचा, चौकातला व्हॉल्व उजवीकडे फिरत नाही. डावीकडे फिरवू का?” घाईत ती मराठीत बोलून गेली. मग हिंदीत पुन्हा विचारलं.

पलीकडून तो म्हणाला, “कौन सा वाल्व?”

“चाचा, प्लीज़.”

“ताना नहीं मार रहे. वहाँ दो हैं, सड़क बनी तो दोनों के ढक्कन एक जैसे हो गए. एक लाइन वाला, पुराना, उल्टा बंद होता है. दूसरा जोड़ वाला, हमेशा बंद रहता है. सीधा घुमाओगी तो दोनों जाम लगेंगे. उल्टा घुमाया और वो जोड़ वाला निकला, तो दूसरे सेक्टर का पानी भी वहीं आएगा. चाबी वाल्व पर बिठाओ, डंडे से कान लगाओ. जो बोल रहा है वो खुला है.”

पूर्वाने कान लावला. हॉर्न, ओरडणारी माणसं, फुटलेल्या वाहिनीचा आवाज. तिने दुसऱ्या चेंबरवर जाऊन पुन्हा लावला. “मैम, मुझे तो दोनों में आवाज़ आ रही है.”

“आते हैं,” रामसुमेर म्हणाला.

तो घरी गेलाच नव्हता. पंपहाउसच्या मागच्या चहाच्या टपरीवर बसून होता. सायकलवरून नऊ मिनिटांत पोचला. पाणी सहाव्या पायरीवर होतं.

मंजिरीने चावी पुढे केली. त्याने हात मागे घेतले.

“परमिट.”

“चाचा, अभी?”

“हम अब कोई नहीं हैं, मैडम जी. ग्यारह बावन पर निकाले गए, ऐसा ऑफिस के बड़े बाबू बताए. वाल्व की डंडी टूट गई तो लिखा जाएगा, बाहर का आदमी आके तोड़ गया. ऊपर बच्चा है, नीचे पानी है, हमें दिख रहा है. आपका ही नियम है. लिखिए.”

“लिख दीजिए ना मैम!” पूर्वा ओरडली.

मंजिरीने परमिटचं पुस्तक काढून गुडघ्यावर धरलं. नाव लिहिलं. पद, व्हॉल्वमन. प्रमाणपत्र क्रमांकाच्या रकान्याशी पेन थांबलं. खोटा क्रमांक लिहिता आला असता. कुणी बघत नव्हतं. रामसुमेर मात्र बघत होता.

तिने हिंदीत लिहिलं: ‘प्रश्न १४ में भूल परीक्षक की. उत्तर सही. अंक २४. उत्तीर्ण.’ सही केली आणि वेळ टाकली, दोन वाजून सात मिनिटं. गुलाबी प्रत फाडून त्याच्या हातात दिली.

त्याने ती वाचली. सावकाश, ओठ हलवत. मग खिशात ठेवून चावी उचलली, पहिल्या चेंबरमध्ये बसवली आणि दांड्याला कान लावला. एक हात वर करून त्याने गर्दीला गप्प केलं. दुसऱ्या चेंबरवर तेच केलं. पहिल्यावर परत आला.

“यही है. ये बोल रहा है, वो सिर्फ काँप रहा है. बिटिया, उधर से पकड़ो. बाएँ. सत्तावन फेरे हैं, गिनना ज़ोर से.”

पहिला फेरा सुटेना. दुसऱ्या झटक्याला आत काहीतरी करकरलं आणि चावी डावीकडे वळली. पूर्वा मोजत होती. वीस. तीस. पाणी सातव्या पायरीला टेकलं. एकेचाळीसला पूर्वाने वेग वाढवला, तर रामसुमेरने दांडा अडवून धरला.

“अब धीरे. झटके से रोकोगी तो पानी पीछे मार के दूसरी जगह पाइप फाड़ेगा.”

“चाचा, पैनल!”

“पता है. बयालीस.”

मंजिरी जिन्यावर उभी होती. पॅनेलच्या खाली चार बोटं जागा उरली होती. मग तीन. पन्नासला रस्त्यावरचा आवाज खाली आला. चोपन्नला तळघरात पडणारी धार बारीक झाली. सत्तावन्नला रामसुमेरने चावीवरून हात काढले. पॅनेलखाली दोन बोटं होती, आणि ती दोनच राहिली. वरचे दिवे चालू होते.

परमिटचा फोटो तिने ऑफिसला पाठवला आणि दोन एकवीसला संग्राम सरांचा फोन आला. “छान झालं. पण ते परमिटवर काय लिहून बसलीस? यादी गेली आहे.”

“यादी चुकीची आहे, सर. प्रश्न माझा होता, चूक माझी आहे. लेखी पाठवते आहे.”

“म्हणजे नऊही पेपर पुन्हा तपासणार. एक तारीख हुकणार. तुझ्या नावावर येईल, अच्छा? विचार कर.”

“केला.”

तिने रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून ईमेल लिहिलं, प्रश्न चौदाचा फोटो जोडला आणि पाठवलं. सव्वाचारला उत्तर आलं: निकाल स्थगित, सर्व पेपरांची फेरतपासणी, तोवर रामसुमेर यादव कामावर राहतील. तिने ते त्याला वाचून दाखवलं.

“दोबारा जाँच में फिर किताब वाला बैठेगा?”

“मैं भी बैठूँगी.”

पूर्वाने वही काढली होती. “चाचा, ऐसे उल्टे वाले कुल कितने हैं?”

“बाईस. लिखो मत अभी. कल आओ, हर एक पर कान लगवाएँगे.”

त्याने चावी खांद्यावर घेतली. मंजिरीने परमिटची गुलाबी प्रत फाईलसाठी मागितली. त्याने खिशावर हात ठेवला.

“आपके पास सफेद वाली है ना. ये हम रखेंगे. घर में अभी तक कुछ बताए नहीं थे.”