मास्तरांच्या छातीतली गाठ

मी एक काचपट्टी. बोटाएवढी. माझ्या अंगावर मास्तरांच्या छातीतल्या गाठीचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ तुकडा चिकटवलाय. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मास्तर पोहायला शिकवायचे. दम कसा धरायचा हे शिकवणारा माणूस जिना चढताना धापा टाकू लागला. पहिल्या लॅबमध्ये मला भिंगाखाली घाईघाईत सरकवलं आणि लिहून टाकलं, ‘फुप्फुसाचा कॅन्सर’.

लेक म्हणाली, “बाबा, अजून एका ठिकाणी दाखवू.”

“कशाला? पाणी डोक्यावरून गेलंय.”

“पाय टेकले नाहीत तरी घाबरायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना?”

मास्तरांनी रिपोर्ट तिच्याकडे सरकवला.

लेकीने मला पहिल्या लॅबमधून मागून घेतलं आणि उरलेल्या गाठीच्या मेणात बसवलेल्या तुकड्यासोबत पर्समध्ये ठेवलं. वाटेत दहादा चाचपून बघितलं. मी तडकले तर, हीच धास्ती आम्हा दोघींना.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर. त्यांनी मला पाहिलं, बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“हे फुप्फुसातलं वाटत नाही,” त्या सहायकाला म्हणाल्या. “प्रत्येक पेशीचं केंद्रक एका कडेला सरकलंय. या प्लाझ्मा पेशी दिसतात.”

“पण त्या तर जंतूंशी लढतात. साध्या संसर्गातही जमतात की.”

“म्हणून तर घाई नको. मेणातून आणखी काप काढ, खास रंग लाव.”

चार दिवस गेले. लेक रोज येऊन बाकावर बसायची, उठायची, परत बसायची. नव्या पट्ट्या रंगून आल्या. सगळ्या पेशी एकाच प्रकारचं प्रथिन बनवत होत्या. संसर्गात असं होत नाही. मग मास्तरांचं रक्त, लघवी, हाडांतला मगज तपासला. तिथे काही नव्हतं.

“कॅन्सरच आहे,” बाई म्हणाल्या, “पण क्वचित दिसणारा. एकाच जागी आहे. किरणांनी जाऊ शकतो.”

“आणि परत आला तर?” लेकीने विचारलं.

“येऊ शकतो. दर तीन महिन्यांनी तपासायचं.”

किरणांनी गाठ विरघळली. मास्तर पुन्हा पाण्यात उतरतात म्हणे. आधी काठाकाठाने, आता मधोमध.

मी मात्र खणात उभी. त्यांची तपासणी जवळ आली की धडधड सुरू होते. आजही खण उघडला, पण बाईंच्या बोटांनी शेजारची पट्टी उचलली. ती कुणाची, मला ठाऊक नाही. बाई, घाई असली तरी तिलाही दोनदा बघा.