मानेवरचा डाग

हारलेम गावात घाणीची वैरीण कोण, असं कुणालाही विचारा, बोट वेंडेलच्याच दाराकडे जाईल. बाई उंबऱ्याचा दगड रोज इतका घासायची की शेजारीण म्हणायची, "झिजून गेला की मग काय घासशील गं?" थोरला भाऊ योस्ट तिच्याकडेच राहायचा. तो चित्रं काढायचा, पण सरदार-दरकदारांची नव्हे. मासे विकणाऱ्या बाया, बर्फावर घसरून आपटलेले, दारू पिऊन भिंतीला टेकलेले, हे त्याचे सरदार. पिसाची लेखणी नि धुराड्याच्या काजळीची तपकिरी शाई, एवढंच त्याचं भांडवल.

त्या सकाळी वेंडेलची एकुलती एक लेक डीवर नवऱ्याबरोबर दूर समुद्रापार बटाव्हियाला निघाली होती. जावई जहाजावरचा सुतार. दहाच्या घंटेला कालव्यातून आम्स्टरडॅमची नाव सुटणार होती. ती चुकली की जहाजही चुकलं. आणि बटाव्हियाहून कोण परत येतं, कधी येतं, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. डीवरने मामाकडे एकच हट्ट धरला होता, "मला आईचं चित्र दे. रोजची आई हवी, चर्चला जाताना नटलेली नको."

योस्टने आठवडाभर चोरून बघत उंबरा घासणारी वेंडेल काढली, चित्र टेबलावर ठेवलं आणि बिअरचा घडा भरून आणायला गेला. तेवढ्यात वेंडेल फडकं घेऊन आली.

"अगं बाई, मीच की!" ती हरखली. बाकदार नाकसुद्धा जसंच्या तसं! मग नजर मानेवर गेली. हनुवटीखालून कॉलरपर्यंत तपकिरी डाग! दादाची काजळी सांडली असणार, दुसरं काय! आता हे चित्र समुद्रापार जाणार, आणि तिथले लोक म्हणणार, डीवरची आई मान धूत नाही. छे! तिने फडक्याचं टोक ओलं केलं आणि हलकेच टिपलं. डाग पसरला. मग चिवट डागाला करतात तसं जरा जोर लावून पुसलं. हनुवटी गेली, पाठोपाठ नाक गेलं, आणि डोक्याच्या जागी नुसतं तपकिरी थारोळं उरलं.

योस्ट दारात उभा. "हे काय केलंस?"

"डाग पुसला."

"डाग? सावली होती ती! शाईत पाणी घालून कुंचल्याने दिलेली! वरून ऊन पडलं की मानेखाली अंधार येतोच, कितीही घास!"

वेंडेलने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "दादा, मी माझ्याच हाताने माझं तोंड पुसलं रे! पोरीला आता काय देऊ?" आणि ती ढसाढसा रडायला लागली.

"रडायला वेळ कुठाय? घंटेला अर्धा तास आहे. बस तिथे."

ती खिडकीत बसली. हात गुडघ्यांवर, हनुवटी वर, श्वास कोंडलेला. योस्टने चार रेघा ओढल्या नि कागद भिरकावला. "ही कोण, नगराध्यक्षाची विधवा? हल की जरा!"

"हलले तर बिघडेल ना!"

"हल म्हणतो ना!"

तो जितका ओरडला, तितकी ती ताठली. इतक्यात धाडकन दार उघडून डीवर आली. कालव्यावर सामान चढवताना लाकडी जोडे चिखलाने लडबडलेले, आणि तेच घेऊन ती थेट धुतलेल्या फरशीवर!

"आई, चल, सगळं सामान..."

"डीवर! जोडे!" वेंडेल ताडकन उठली. एका हातात फडकं, दुसरा दाराकडे, टोपी कानावर. "काढ आधी! जगाच्या टोकाला निघालीस तरी अक्कल आली नाही!"

"अगं, मी आत्ता जाणारच आहे."

"म्हणून काय घर चिखलात बुडवून जाशील? तिथे कोण येणार आहे तुझ्यामागे पुसत?" तिचा फडक्याचा हात काही खाली आला नाही.

इकडे योस्टची लेखणी सुसाट चालली होती. मग त्याने कुंचला फिरवला. "झालं. आता भांडण थांबवलंत तरी चालेल."

डीवरने पाहिलं आणि हसता हसता फरशीवरच बसकण मारली. "मामा, ओरडतेय रे ही! हिला दारासमोरच लावते. चिखलाचे पाय घेऊन आत यायची बिशाद नाही माझी." मग तिने डोळे पुसले.

घंटा झाली. शाई अजून ओली होती. गुंडाळावं तर याचंही थारोळं झालं असतं. डीवरने चित्र दोन्ही हातांवर आडवं धरलं, भट्टीतून काढलेल्या पावांचा ट्रे धरावा तसं, आणि जपून कालव्यापर्यंत चालत गेली.

काठावर नावाडी ओरडत होता. एरवी आईने जवळ घेतलं की डीवर लगेच निसटायची, "पुरे, टोपी चुरगळते." आज तिचे दोन्ही हात अडकलेले. वेंडेलच्या ते बरोबर ध्यानात आलं. तिने लेकीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि मानेत तोंड खुपसलं.

"आई, चित्र ओलं आहे. मला हलता येत नाही."

"ठाऊक आहे मला," वेंडेल म्हणाली, आणि नावाड्याने दुसरी हाक मारली तरी तिने मिठी सोडली नाही.