खिळ्यांवर टांगलेली काठी

मी एक जुनी काठी आहे. माझी गोष्ट सांगायची तर एका पत्रापासून सुरुवात करावी लागेल, कारण त्या पत्राला उत्तर गेले नाही आणि त्या उत्तराची वाट पाहण्यातच माझे निम्मे आयुष्य सरले. पत्र अगदी लहान होते. एडविनने ते खुर्चीत बसून उघडले तेव्हा मी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर होते, म्हणून मला ते सगळे वाचता आले.

"एडविन, काठी अंदाजाने कापली आहे. लांबी बरोबर आहे का? जास्त वाटली तर कळव, कापून देईन. आखूड झाली असेल तर मात्र माझा इलाज नाही. रॅल्फ."

रॅल्फ हा थोरला भाऊ, एडविन धाकटा. मित्रांनो, मला ही गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पुष्कळ वर्षे मी पुस्तकांच्या कपाटावर टांगलेली होते, पण त्यातले एकही पुस्तक मला उघडता आले नाही. तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगते.

माझा जन्म उत्तर इंग्लंडातल्या डोंगरांत, एका ओढ्याकाठच्या हेझल नावाच्या झुडपांच्या जाळीत झाला. हिवाळ्यात झाडांतला रस उतरल्यावर रॅल्फने मला कापले आणि गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवले. एक उन्हाळा गेला, दुसराही गेला. मी वाळले, हलकी झाले, सरळ झाले. मग माझ्यावर मूठ बसली. ती त्याच्याच कळपातल्या एका म्हाताऱ्या एडक्याच्या शिंगाची आहे. शिंग चुलीवर तापवून लोखंडी पकडीत दाबले, तेव्हा घरभर जळक्या केसांसारखा वास सुटला.

"बाहेर जाऊन कर ते," रॅल्फची बायको हिल्डा म्हणाली. "जिवंत होता तेव्हा मला ढुशा देत होता, आता मेल्यावर माझ्या स्वयंपाकघरात आलाय."

"बाहेर बर्फ पडतोय."

"मग बर्फाला घेऊ दे वास."

रॅल्फ हसला आणि कानस घासत राहिला. माझ्या मुठीचे वळण त्याने इतक्या वेळा हाताने चाचपले, की ते शिंगाचे आहे की त्याच्या तळहाताचे, हे मलाच कळेनासे झाले. शेवटी जवसाचे तेल चोळले आणि खालच्या टोकाला पितळी टोपी बसवली.

मी त्याच्यासाठी नव्हते. रॅल्फच्या कमरेचे हाड झिजले होते. आधी तो दर वर्षी नाताळनंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी डोंगर चढून, बर्फातला माळ ओलांडून पलीकडच्या गावी एडविनकडे चालत जात असे. खिशात हिल्डाने बांधून दिलेला फळांचा केक आणि त्याच्याबरोबर खायला चीजचा तुकडा. दोघे भाऊ शेगडीजवळ बसून ते खात. फारसे बोलत नसत. अंधारायच्या आत रॅल्फ परत निघे. आता ते त्याला जमणार नव्हते. एडविन गावातल्या शाळेत मास्तर होता, एकटा राहत असे. उन्हाळ्यात तो बसने लांबच्या रस्त्याने भावाकडे येई, पण माळावरून कधीच नाही. लहानपणी तो तिथे धुक्यात चुकला होता.

"हातात चांगली काठी असली की येईल," रॅल्फ हिल्डाला म्हणाला. "भीती पायांत असते. हाताला काहीतरी धरायला दिलं की कमी होते."

लांबी त्याने गुपचूप घेतली. ईस्टरला एडविन आला आणि अंगणाच्या फाटकाच्या आडव्या दांडीवर हात टेकून उभा राहिला. तो गेल्यावर रॅल्फने मला त्या दांडीजवळ उभे केले आणि खिळ्याने खूण केली.

इथवर सगळे ठीक होते. पण हिल्डाला मी फार आवडले. शरद ऋतूत तिथे मेंढ्यांचे प्रदर्शन भरते, त्यात काठ्यांचीही स्पर्धा असते. रॅल्फला न विचारता तिने मला तिथे नेले. मी पहिली आले. माझ्या मानेला लाल चिठ्ठी बांधली गेली, लोक वाकून वाकून मला पाहू लागले. मला फार बरे वाटले, हे कशाला लपवू?

"ही चालायला केलीय," रॅल्फ कुरकुरला.

"चालू दे की. चिठ्ठी राहू दे. त्याला कळू दे भावाच्या हातात काय आहे ते."

आणि मी त्या लाल चिठ्ठीसकट एडविनकडे गेले.

आता, त्या डोंगरांत प्रत्येकाला ठाऊक असते की प्रदर्शनात जिंकलेली काठी जमिनीला टेकवायची नसते. ती भिंतीवर लावतात, पाहुण्यांना दाखवतात. मेंढ्यांमागे जायला दुसरी, साधी काठी असते. एडविनने चिठ्ठी पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने भिंतीत पितळी खिळे ठोकले आणि मला पुस्तकांच्या वर आडवे ठेवले. तो मला मऊ फडक्याने पुशी. त्याच्याइतकी काळजी कुणीच घेतली नसती.

त्या नाताळनंतर शेजारी मेंढपाळ आल्फी मेटकाफ रॅल्फला आपल्या जीपमधून घेऊन आला. रॅल्फ दारातून आत आला, त्याने वर पाहिले आणि तो थांबला.

"अरे, ही वर चढून बसलीय," आल्फी म्हणाला. "आमच्या मेंढरांत यायला लाजते वाटतं."

"इतकी सुंदर काठी चिखलात कशी न्यायची?" एडविन म्हणाला.

रॅल्फने हात वर करून माझ्या पितळी टोपीवरून अंगठा फिरवला. टोपी नव्यासारखी चकचकीत होती.

"छान लावलीयस," तो म्हणाला, आणि केक सोडायला लागला.

त्याला वाटले, एडविनला यायचेच नाही. एडविनला वाटले, आपण भावाचा मान राखला. मी दोघांच्या मध्ये होते आणि मला बोलता येत नव्हते. पुढच्या आठवड्यात ते पत्र आले.

एडविनने उत्तर लिहायला घेतले नाही असे नाही. टेबल माझ्या खालीच होते. तो हवेबद्दल लिही, मग मेंढ्यांबद्दल विचारी, मग लांबीपाशी आला की लेखणी थांबे. लांबी बरोबर आहे का? त्याला कुठे ठाऊक होते? तो माझ्याबरोबर एक पाऊलही चालला नव्हता. खोटे लिहायचे नव्हते, खरे लिहायची लाज वाटत होती. कागद शेगडीत जात. एकदा त्याने मला खाली उतरवून खोलीतल्या खोलीत चालून पाहिले, मग खिडकीबाहेर कुणी बघत नाही ना, हे पाहिले आणि मला परत ठेवले. उन्हाळ्यात भाऊ भेटत तेव्हा कोकरांबद्दल बोलत. पत्राचा विषय एडविनने काढला नाही, म्हणून रॅल्फनेही काढला नाही. अशी वर्षे गेली. एडविन निवृत्त झाला. माझ्या मानेवरची लाल चिठ्ठी फिकट गुलाबी झाली.

मग एका हिवाळ्यात खूप बर्फ पडले. रस्ते बंद झाले, बस बंद झाली. एका सकाळी फोन वाजला. आवाज हिल्डाचा होता, आणि ती कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्याने बोलत असे, म्हणून मला ऐकू आले.

"तो अंथरुणाला खिळलाय, एडविन. बर्फाच्या आधी डॉक्टर येऊन गेले. फार दिवस नाहीत म्हणाले."

"काही बोलतो का?"

"तुझंच नाव. म्हणतो, त्याला विचार, लांबी बरोबर आहे का. कसली लांबी रे? मला काही कळत नाही."

एडविन काही बोलायच्या आत फोन मुका झाला. बर्फाने तारा तुटल्या असाव्यात. मग त्याने खुर्ची ओढली, तिच्यावर चढला आणि मला खाली काढले. भिंतीवर माझ्या आकाराची फिकट रेघ उरली.

गावाच्या टोकाला डोरिस पीलचे दुकान आहे. तेच टपालघर. ती दारापुढचे बर्फ फावड्याने ओढत होती.

"मास्तर, या हवेत कुठे?"

"भावाकडे. माळावरून."

"तुम्ही?" तिने माझ्याकडे पाहिले. "आणि ही काठी कुठली? अजून किंमत लावायची राहिल्यासारखी दिसते."

"भावाने केलीय."

"आत्ताच?"

"नाही," एडविन म्हणाला. "बरीच वर्षं झाली."

डोरिसने हसायचे थांबवले. "डोंगरावरचा गडगा सोडू नका," ती म्हणाली. "गडग्याला धरून राहिलात तर चुकणार नाही."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा जमिनीला टेकले. थंडी टोपीतून थेट मुठीपर्यंत चढली. दगडी गडगा डोंगरावर चढत गेला होता आणि त्याच्या आडोशाला वाऱ्याने बर्फाचे ढीग रचले होते. एडविन आधी मला पुढे रोवी, मग पाऊल टाकी. कधी मी वितीवर थांबे, कधी अर्धी बुडून जाई, आणि मग तो वळसा घेई. वर माळ सुरू झाला तेव्हा पांढऱ्यातून झुडपांची काळी टोके तेवढी दिसत होती. पायाखालून रानकोंबडे फडफडत उठले आणि एडविन दचकून माझ्यावर रेलला. मी वाकले नाही. बर्फाखाली कुठे काळे पाणी होते, तिथे मी आधी गेले आणि मागे आले. माझ्या तेल चोळलेल्या अंगावर चिखलाचे शिंतोडे उडाले.

तो घाबरला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. पण माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी तो पोचला, तिथे उभा राहिला, आणि त्याला एकदम काहीतरी जाणवले. त्याने आपला हात पाहिला, माझी मूठ पाहिली. खांदा वर चढला नव्हता, पाठ वाकली नव्हती. फाटकाच्या दांडीवर टेकावा तसा हात टेकला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. आजूबाजूला कुणी नव्हते, तरी त्याला लाज वाटली. मग पुन्हा जरा मोठ्याने म्हणाला, "बरोबर आहे, रॅल्फ. अगदी बरोबर."

उतारावर तो हेच म्हणत होता. पाठांतर विसरेल अशी भीती असलेल्या मुलासारखा. खाली रॅल्फच्या घराचे धुराडे दिसू लागले. पावले भराभर पडू लागली.

शेवटच्या फाटकापाशी आल्फी मेटकाफ कुत्र्याला घेऊन मेंढ्यांना गवत टाकत होता. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"एडविन? वरून आलास तू? चालत?"

"रॅल्फ कसा आहे?"

आल्फीने हातातले गवत खाली ठेवले. "सकाळीच गेला रे बाबा. शांतपणे गेला. तुला कळवणार कसं, फोन बंद."

एडविनचा हात माझ्यावर इतका घट्ट झाला की मला वाटले, मूठ निघून येईल. आल्फी त्याच्या शेजारून घरापर्यंत चालत आला, आणि नेहमी थट्टा करणारा तो माणूस माझ्या चिखलाने भरलेल्या टोकाकडे नुसता पाहत राहिला.

रॅल्फला पुढच्या खोलीत ठेवले होते. त्याच्या मुठीत लोकरीची बट होती.

"वर देवाने विचारलं, रविवारी चर्चमध्ये का नसायचास, तर दाखवायला," हिल्डा म्हणाली. "मेंढपाळाला तेवढी सूट मिळते म्हणतात." मग तिने मला पाहिले. "एडविन, ही काठी त्याच्याबरोबर ठेवू या का? त्याच्या हातची सगळ्यात चांगली वस्तू आहे."

मी खोटे सांगत नाही, त्या क्षणी मला जायला काही वाटले नसते. पण एडविनने मला सोडले नाही.

"नको, हिल्डा," तो म्हणाला. "मला घरी चालत जायचंय. ही लागेल."

हिल्डा खाली बसली. तिने माझ्या टोपीवरून अंगठा फिरवला, अगदी रॅल्फसारखा. अंगठा काळा झाला.

"ही लांबी होय," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू नेहमी सांगतात की आम्हाला जपा. मी काय मागू? मला तर इतके जपले की माझा उपयोगच झाला नाही. कुणी तुम्हाला हाताने काही करून दिले, तर ते मळू द्या, झिजू द्या. ज्याने दिले त्याला एकदा तरी मळलेले दाखवा, तो पाहायला आहे तोवर. आता मी दाराआडच्या कोपऱ्यात उभी असते, बहुतेक ओली. माझी टोपी एका बाजूने झिजली आहे. नाताळनंतरच्या पहिल्या स्वच्छ दिवशी एडविन आणि मी माळ ओलांडून हिल्डाकडे जातो. केक तीच करते. आम्ही चीज नेतो. खिळे अजून भिंतीत आहेत, त्यांवर काही टांगलेले नाही.

पण उत्तराचे सांगायचे राहिले. रॅल्फला पुरल्यानंतर आम्ही माळावरूनच परतलो. बर्फ मऊ पडू लागले होते. एडविन घरी न जाता डोरिसच्या दुकानात शिरला, एक कार्ड मागितले आणि मला फळीला टेकवून उभ्याउभ्या लिहिले. हवेबद्दल नाही, मेंढ्यांबद्दल नाही. एकही शब्द खोडला नाही.

"हिल्डाला ना?" तिकीट लावता लावता डोरिसने विचारले.

"नाही. रॅल्फला."

तिने पत्ता वाचला, एडविनकडे पाहिले आणि कार्ड परत त्याच्या हातात दिले. "बाहेरच्या पेटीत तुम्हीच टाका, मास्तर," ती हळू म्हणाली.

लाल पेटीच्या तोंडावर बर्फ गोठले होते. एडविनने माझ्या टोकाने ते खरवडून काढले. कार्ड आत सरकण्यापूर्वी मला वाचता आले.

"लांबी बरोबर आहे. एडविन."

आणि ते आत पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.